मन तपासा आणि जाबही विचारा

मनःस्वास्थ्याचा विषय निघाला की मुंबईत हल्ली दोन पक्ष पडतात आणि दोघेही एकमेकांचे ऐकून घेत नाहीत. पहिला पक्ष कंपन्यांच्या सभागृहांत, सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या व्याख्यानांत आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांत भेटतो. दुःख परिस्थितीत नसते, ते आपल्या विचारांत असते. विचार बदला, आयुष्य बदलेल, असे त्याचे सांगणे असते. दुसरा पक्ष हे ऐकून संतापतो, आणि त्याचा संताप समजण्यासारखा आहे. विरारहून दारात लोंबकळत चर्चगेटला येणाऱ्या, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांच्या गलक्यात अभ्यास करणाऱ्या, अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा नवे घर शोधत फिरणाऱ्या माणसाला ‘विचार बदला’ असे सांगणे हा त्याचा अपमान आहे, असे तो म्हणतो. बदलायची तर व्यवस्था बदला. या भांडणात दोघांनीही एक गोष्ट न तपासताच मान्य केली आहे: विचार तपासणे म्हणजे स्वतःची समजूत घालून आहे ते मुकाट्याने स्वीकारणे. पहिला पक्ष त्यासाठीच ते विकतो आणि दुसरा त्यासाठीच ते नाकारतो. माझ्या मते हे मुळातच चूक आहे. घटनेत खरोखर काय आहे आणि आपण त्यात पदरचे काय घातले आहे, हे वेगळे करायला ही विद्या शिकवते. ज्याला ते वेगळे करता येते, त्यालाच जाब कोणाला विचारायचा हे कळते. म्हणून ती चकचकीत दवाखान्यांपुरती न राहता पालिकेच्या दवाखान्यांपर्यंत आणि वस्त्यांपर्यंत गेली पाहिजे, आणि ही मागणी दुसऱ्या पक्षाने सर्वांत आधी करायला हवी.

पद्धत काय आहे ते आधी पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती नीट पाहिलेली असते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि एरन बेक यांनी १९६० च्या दशकात, फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाच्या परंपरेतून बाहेर पडताना, जवळजवळ एकच निरीक्षण नोंदवले. घटना आणि भावना यांच्या मध्ये अर्थ लावण्याची एक पायरी असते आणि ती इतक्या वेगाने ओलांडली जाते की माणसाला ती दिसतच नाही. खचलेल्या, घाबरलेल्या मनाचे अर्थ लावण्याचे साचे ठरलेले असतात. एक वाईट गोष्ट घडली की ‘आता सगळे संपले’. समोरच्याने मान वळवली की ‘त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला ठाऊक आहे’. एकदा नापास झालो की ‘मी कायमचाच नापास’. घरात कोणी आजारी पडले तरी ‘माझ्यामुळेच झाले’. हे विचार पकडायचे, त्यांना पुरावा मागायचा आणि पुराव्याला धरून वागून पाहायचे, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठीत रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने १९९० पासून ती मध्यमवर्गीय मराठी घरांपर्यंत नेली. ही काही गेल्या चार वर्षांत कंपन्यांनी आणलेली चैन नव्हे. मराठीत तिला दोन पिढ्यांची मशागत आहे.

आता अंधेरीतल्या एखाद्या कंपनीतून कमी केलेल्या सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा विचार करा. अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. नोकरी गेली ही घटना. तिच्यावर काही मिनिटांत थर चढतात: माझी लायकीच नव्हती, आता मुलीचे शिक्षण थांबणार, सोसायटीत तोंड कसे दाखवू, बायकोला हे कळता कामा नये. मग तो रोजच्या वेळी, रोजचा डबा घेऊन, रोजच्या लोकलने निघतो आणि दिवसभर कुठल्यातरी बागेत किंवा वाचनालयात बसून संध्याकाळी घरी परततो. ‘सकारात्मक राहा’ म्हणणारा त्याला सांगेल की यातून काहीतरी चांगलेच घडणार आहे. पण तसा पुरावा कुठे आहे? तोही एक निराधार विचारच झाला, फक्त गोड. विवेकनिष्ठ पद्धतीचा समुपदेशक हे बोलणार नाही. तो विचारेल, तुझ्यासह एकूण किती जणांना काढले? दोनशे. त्या दोनशेही जणांची लायकी एकाच शुक्रवारी संपली का? नाही, कंपनीने विभाग बंद केला. मग ‘माझी लायकी नव्हती’ हे वाक्य कुठून आले? पुढचा प्रश्न: नोटिशीचा पगार, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, यातले काय मिळाले आणि काय अडवले? ‘मी घरी बसून आहे हे सांगावे कसे’ या लाजेने ज्याचे तोंड शिवले आहे, तो कामगार आयुक्तांच्या कचेरीत जाणार नाही, इतर एकशे नव्याण्णव जणांना फोनही करणार नाही. लाज गळून पडली की तो जाईल. येथे विचार तपासल्याने मालकाचा दोष झाकला गेला की उघडा पडला?

माझ्या म्हणण्याचा कणा हाच आहे. अन्याय झालेल्या माणसाच्या मनात सर्वांत जास्त सापडणारा चुकीचा विचार ‘जग वाईट आहे’ हा नसतो. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ हा असतो. अन्याय करणाऱ्याला याहून सोयीचा विचार दुसरा नाही. मग तो विचार तपासण्याचे साधन पीडिताच्या हाती देणे ही अन्याय करणाऱ्याची सेवा कशी ठरते?

या पद्धतीवर आणखी एक आरोप होतो, की ती माणसाला बधिर करते, राग आणि दुःख यांना रोग ठरवते. तसे सांगणारे प्रशिक्षक आहेत आणि त्यांनी या विद्येचे नुकसान केले आहे. एलिस यांची मांडणी याच्या अगदी उलट आहे. ते दुःख आणि नैराश्य यांत फरक करतात. काळजी आणि भयगंड यांत, सात्त्विक संताप आणि आंधळा क्रोध यांत फरक करतात. आई गेली तर दुःख झालेच पाहिजे. कंत्राटदाराने तीन महिने पगार थकवला तर राग आलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की त्या रागाच्या भरात तुम्ही संघटना बांधता की घरी येऊन पोराच्या थोबाडीत मारता.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे घेऊ, कारण ते खरोखर भक्कम आहेत. पहिला मुद्दा खास मुंबईचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसे बुडून आणि गाड्यांत गुदमरून मेली, आणि दोन दिवसांत शहर कामाला लागले. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा त्याच लोकलमध्ये चढले. दोन्ही वेळा ‘मुंबई स्पिरिट’चा गजर झाला. शहरातल्या पर्जन्यवाहिन्यांच्या सुधारणेचा अहवाल १९९३ पासून तयार होता. त्याचे काय झाले, हा प्रश्न त्या गजरात बुडून गेला. उपनगरी रेल्वेच्या हद्दीत आजही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. सोशिकतेचे कौतुक हे न केलेल्या कामाचे पांघरूण कसे होते, हे या शहराइतके कोणाला कळणार? त्यामुळे परिस्थितीशी जुळवून घेण्याची कौशल्ये शिका म्हटले की मुंबईकराला आधी संशय येतो, आणि तो योग्य आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने थेट रोख मदत देण्याची योजना राबवली, तेव्हा त्या भागांतले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी उतरल्याचे अर्थशास्त्रज्ञांना दिसले. समुपदेशनाचा एकही शब्द न उच्चारता हे झाले. तिसरा मुद्दा हेतूचा. इंग्लंडने २००८ पासून बोलण्याच्या उपचारांची देशव्यापी योजना सुरू केली, तेव्हा माणसे लवकर कामावर परततील आणि भत्त्यांचा खर्च वाचेल, हा हिशेब उघडपणे मांडला गेला होता. उपचार कोणासाठी, रुग्णासाठी की तिजोरीसाठी, असे कोणी विचारले तर त्याला गप्प करता येत नाही. चौथा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्येच ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांना सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे देऊन पाहिले गेले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, आणि मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांना, मागितल्यावाचून, वर्गात बसवून शिकवले की भले होतेच असे नाही. शालेय अभ्यासक्रमात ‘भावनिक कौशल्यां’चा तास घुसवायला निघालेल्यांनी हा निकाल पचवल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि जुना दाखलाच हवा असेल तर तोही आहे. एलिस ज्या एपिक्टेटसचे ऋण मानत, घटना नव्हे तर घटनेबद्दलचे आपले मत आपल्याला छळते असे सांगणाऱ्या त्या ग्रीक तत्त्वज्ञाचा जन्म गुलामीत झाला होता. त्याने मन जिंकले, पण रोमन साम्राज्यातली गुलामगिरी तशीच राहिली.

हे सगळे मान्य केल्यावर काय उरते? पुष्कळ उरते, असे मला वाटते.

‘स्पिरिट’पासून सुरुवात करू. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाशी काही बोलणे केलेलेच नसते. त्याला वेळच मिळालेला नसतो; रोजंदारी बुडू नये म्हणून तो चढतो. ती सक्तीची मुक्याने सोसण्याची रीत आहे. इथे मी ज्याबद्दल बोलतो आहे तिथे सोसण्याआधी बोलावे लागते: मला भीती वाटते, ही भीती इतकी खरी आहे, इतकी वाढवलेली आहे, आणि खऱ्या भागाबद्दल मला हे करायचे आहे. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या संशोधकांनी ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले. एकात माणूस अडचणीलाच हात घालतो, दुसऱ्यात स्वतःच्या भावना सावरतो. अडचण आपल्या हातातली आहे की नाही, यावर कोणता मार्ग कधी धरायचा ते बऱ्याच अंशी ठरते. मुंबईच्या कौतुकात पहिला मार्ग गाळून फक्त दुसरा उरवला गेला. त्याचा दोष कौतुक करणाऱ्यांचा आहे.

मग ‘ही सुखवस्तूंची चैन आहे’ हा आक्षेप. त्याला तर्काने उत्तर देण्याची गरजच नाही, पुरावा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात बाळंतपणाच्या आगेमागे खचलेल्या गरीब स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तो मानसोपचारतज्ज्ञांनी केला नाही; गावोगाव फिरणाऱ्या, शालेय शिक्षण झालेल्या आरोग्यसेविकांनी केला. बाळाबद्दल, स्वतःबद्दल, नात्यातल्या माणसांबद्दल मनात येणारे विचार ओळखणे, ते पारखणे आणि थोडे वेगळे वागून पाहणे एवढेच त्यांनी शिकवले. २००८ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर या स्त्रियांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या; ज्यांच्याकडे सेविका नुसत्याच जाऊन येत होत्या, त्यांच्यात ५३ टक्के. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षित माणसांकरवी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना दिवसाचा दिनक्रम पुन्हा उभा करायला शिकवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांत त्यांच्यापैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात तर दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून वस्तीतल्या आज्या हे काम करतात. यात श्रीमंत कोण होते? रावळपिंडीच्या त्या बायकांचे घर पक्के झाले नाही, नवऱ्याची मजुरी वाढली नाही, तरी निम्म्याहून अधिक फरक पडला. ‘आधी व्यवस्था बदलू द्या’ म्हणून त्यांना हे नाकारणे कोणत्या न्यायात बसते? रोख मदतीने आत्महत्या घटतात म्हणून रोख मदत द्यावी, जरूर द्यावी. पण एका औषधाचा गुण आला म्हणून दुसरे औषध निरुपयोगी ठरत नाही.

मुंबईने हा वाद एकदा वेगळ्या रूपात पाहिला आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. रोग लोकांच्या घाणेरड्या सवयींचा की शहराच्या गटारांचा आणि कोंदट चाळींचा, यावर रणे माजली. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंद झाले, चाळी पडल्या. ट्रस्टने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत, हा त्याच्यावरचा डाग खरा आहे आणि त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण गटारे होईपर्यंत लस घेऊ नका, असे आज कोणी म्हणेल का? किंवा लस आहे, आता गटारे कशाला, असे? मनाच्या बाबतीत मात्र आपण हे दोन्ही मूर्खपणाचे युक्तिवाद गंभीर चेहऱ्याने ऐकतो.

त्याच ट्रस्टच्या परळमधल्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी प्राशन केले, तो हक्काचा लढा होता, व्यवस्थेविरुद्धचा. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच जमलेल्या स्त्रियांना त्यांनी काय सांगितले? अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची रीत आणि ते दागिने टाकून द्या. पाण्याच्या हक्काचा लढा चालू असताना नेसण्याबद्दल का बोलावे? कारण पिढ्यान्‌पिढ्या ‘आपण कमी आहोत’ हे मनात आणि अंगावर वागवणाऱ्या माणसाला कायद्याने दिलेले पाणी ओंजळीत घेण्याचेही बळ येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या सामाजिक क्रांतीने मनातली हीनता आणि बाहेरचा अन्याय यांवर एकाच वर्षी, एकाच गावात घाव घातला. एपिक्टेटस एकटा होता, हा फरक. एकट्याने मन जिंकले तर एक माणूस मोकळा होतो. हजारोंनी मिळून स्वतःबद्दलचे खोटे मत फेकून दिले की तळ्यावर मोर्चा जातो.

आजच्या मुंबईतही हे दोन्ही एकत्र करणारी जागा आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ संस्थेने सन २००० च्या सुमारास घरात मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभे केले, पुढे तसे केंद्र इतर रुग्णालयांतही झाले. मार खाऊन आलेली बाई तिथे बसते तेव्हा तिची भीती ही विचारातली चूक आहे असे कोणी सांगत नाही. नवरा मारेल ही भीती वस्तुस्थिती आहे. तिच्यासाठी निवाऱ्याची सोय, पोलिसांत नोंद, वकील लागतो. पण ‘मीच काहीतरी चुकले असणार’ हा विचार मात्र तिथे पहिल्याच भेटीत तपासला जातो आणि हिंसेचा दोष हिंसा करणाऱ्याकडे परत दिला जातो. कोणता विचार चुकीचा आणि कोणती भीती खरी, हे ओळखता न येणाऱ्या समुपदेशकाने या खुर्चीवर बसू नये. अर्धवट शिकलेले प्रशिक्षक नेमके इथेच घात करतात. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार किंवा जीव द्यायच्या टोकाला पोहोचलेले नैराश्य असेल तर नुसत्या विचार तपासण्याने भागत नाही, औषधे लागतात. अशांना वेळेत केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार विभागात पाठवणे हाही त्याच प्रशिक्षणाचा भाग आहे.

म्हणून मागायचे काय, हे नेमके ठरवले पाहिजे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येते, तो प्रत्येकाने जवळ ठेवावा. पण दहा बाय दहाच्या खोलीत, सासूसमोर, फोनवर काय बोलणार? वस्तीजवळचा पालिकेचा दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’, तिथे एक बंद दाराची खोली, आणि रावळपिंडीसारखी प्रशिक्षित केलेली, दर आठवड्याला एखाद्या तज्ज्ञाकडे आपली प्रकरणे घेऊन बसणारी सेविका, हे मुंबईला परवडणारे आहे. जी व्यक्ती मागेल, जिला गरज दिसेल, तिला ते मिळावे. वर्गच्या वर्ग बसवून नको.

आणि ती सेविका कोण असेल? पालिकेच्या आरोग्यसेविका आजही धारावीपासून मानखुर्दपर्यंत जिने चढून क्षयरोगाच्या गोळ्या आणि लसीकरणाच्या नोंदी करत फिरतात, तुटपुंज्या मानधनावर, आणि किमान वेतनासाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली आहेत. त्यांच्या वहीत मनःस्वास्थ्याचा आणखी एक रकाना वाढवून वर ‘सेवाभावाने करा’ असे सांगितले, तर दुसऱ्या पक्षाचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल आणि मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. त्यामुळे क्रम असा हवा: आधी किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी, मग प्रशिक्षण, मग नेमकी ठरवलेली प्रकरणांची संख्या, आणि या सगळ्याची तरतूद पालिकेच्या आरोग्य अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली.